मालकाच्या हातची गाडी : अमेरिकेतील जुन्या पिकअपचा इतिहास

पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू मोटारीला पिकअप म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गाडी शेतकरी, सुतार, नळकारागीर अशा कष्टकरी लोकांच्या कामाची होती. उत्तरार्धात, ते काम न सोडताच, ती छंदाचा, मिरवण्याचा आणि काही समाजांत तर अस्मितेचाही विषय झाली. तीस, पन्नास किंवा सत्तर वर्षांपूर्वीची पिकअप स्वतः दुरुस्त करत चालती ठेवणे आणि तिच्यात आपल्या मर्जीप्रमाणे फेरफार करणे ही तेथे आज रुळलेली रीत आहे. या रीतीकडे सहसा फावल्या वेळचा शौक म्हणून पाहिले जाते. तिचा उगम मात्र शौकात नाही. कारखान्यातून अपुरे बाहेर पडणारे वाहन मालकाला पुरे करून घ्यावे लागे, त्या गरजेत तो आहे, आणि दुरुस्ती कोठे संपते व हौस कोठे सुरू होते याची सीमारेषा पहिल्यापासूनच पुसट राहिलेली आहे.

फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये आणलेली मॉडेल टी ही मोटार खेड्यापाड्यांत पसरली, तेव्हा तिच्यावर पहिले प्रयोग शेतकऱ्यांनीच केले. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रयोगांचा विस्ताराने मागोवा घेतला आहे. मोटारीचे मागचे चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि त्या पट्ट्याच्या जोरावर मक्याचे दाणे काढायचे यंत्र, लाकूड कापायची करवत, पाण्याचा पंप किंवा कपडे धुण्याचे यंत्र फिरवायचे, ही युक्ती ग्रामीण भागात सर्रास वापरली जाई. मोटारीचा मागचा भाग काढून त्या जागी लाकडी पेटी बसवणे ही त्याच्याच पुढची पायरी होती. ही मागणी ओळखून काही छोट्या कंपन्यांनी तयार संच विकायला काढले. शिकागोच्या ‘स्मिथ फॉर्म-ए-ट्रक’ या संचात लांब व भक्कम चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि एक जड मागचा ॲक्सल मिळत असे. मोटारीचा मूळ ॲक्सल जागेवरच ठेवून त्याच्या टोकांवरून साखळीने ही नवी चाके फिरवली जात, आणि चार माणसांची मोटार एक टन ओझ्याची मालगाडी होई.

कंपन्या या बाबतीत मालकांच्या मागून चालत होत्या. फोर्डने १९१७ मध्ये एक टनी ‘मॉडेल टीटी’ विकायला काढले ते नुसत्या चासीच्या रूपात. केबिन आणि हौदा कोणाकडून बांधून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. शेव्हरोलेने १९१८ मध्ये आणलेल्या हलक्या मालवाहू मॉडेलचीही तीच स्थिती होती. कारखान्यातच हौदा बसवून मिळणारी पहिली फोर्ड पिकअप एप्रिल १९२५ मध्ये बाजारात आली. तिची किंमत २८१ डॉलर होती, हौदा ५६ इंच लांब व ४० इंच रुंद होता, मागचा फाळका उघडता-मिटता येई आणि मागचे पाटे, म्हणजे ओझे पेलणाऱ्या पोलादी कमानी, अधिक दणकट दिलेले होते. यांतली एकही सोय नवी नव्हती. खेड्यातले सुतार आणि लोहार ती सारी आधीच पुरवत होते. जनरल मोटर्सने तर १९३० मध्ये ट्रकांच्या पेट्या बांधणाऱ्या मार्टिन-पॅरी या कंपनीचा इंडियानापोलिस येथील कारखानाच विकत घेतला आणि त्यानंतर शेव्हरोले पिकअप हौद्यासकट मिळू लागली.

याच वर्षांत आलेल्या महामंदीने जुनी रीत पुन्हा वर काढली. नवा ट्रक परवडत नसे, आणि जुनी मोठी मोटार कवडीमोलाने मिळे. तिचा मागचा अर्धा भाग कापून तेथे फळ्यांचा हौदा ठोकला की काम भागे. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीतले जोड कुटुंब ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला निघते ते अशाच, अर्धी कापून ट्रक केलेल्या हडसन मोटारीत. कादंबरीकाराला हे वाहन कल्पनेतून काढावे लागले नसणार.

अशी कापाकापी करण्याइतके ज्ञान सामान्य शेतकऱ्याजवळ कोठून आले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे एक उत्तर १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यात सापडते. या कायद्याने शाळांतील व्यवसाय शिक्षणाला, त्यात शेती शिक्षणालाही, केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला आणि शेतीवरील अवजारांची व यंत्रांची दुरुस्ती हा माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या अभ्यासाचा भाग झाला. दुसरे उत्तर विजेचे आहे. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा अमेरिकेतल्या दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. पुढच्या दोन दशकांत ती बहुतेक सर्वत्र पोहोचली आणि तिच्या मागोमाग शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या छपरात विजेवर चालणारे वेल्डिंगचे यंत्रही आले. लोहाराकडे न जाता घरच्या घरी पत्र्याला आणि चासीला जोड देता येणे, हा बदल बाहेरून किरकोळ दिसला तरी पुढच्या साऱ्या रूपांतरांचा पाया आहे.

त्या काळच्या इंजिनांची घडणही मालकाच्या हाताला सोयीची होती. शेव्हरोलेने १९२९ मध्ये सहा सिलिंडरांचे जे इंजिन आणले, त्याला लोक ‘स्टोव्हबोल्ट’ म्हणत, कारण त्यातले काही बोल्ट घरातल्या शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत. या इंजिनाच्या २१६ घनइंची आवृत्तीत, जी १९३७ पासून अनेक वर्षे पिकअपमध्ये बसत असे, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या खालच्या टोकाला बॅबिट हा मऊ मिश्रधातू वितळवून ओतलेला असे. सुट्या, बदलता येणाऱ्या बेअरिंगऐवजी दांड्यावरच ओतलेले हे अस्तर झिजले की इंजिन ठोके देऊ लागे. मग मालकाने गाडीखाली आडवे पडून इंजिनाचे तेलाचे चेंबर उतरवायचे, दांड्याची टोपी सोडायची आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना घातलेल्या, कागदासारख्या पातळ धातूच्या पट्ट्यांपैकी एकेक काढून टोपी पुन्हा आवळायची. या पट्ट्यांना शिम म्हणत. एक शिम काढली की झिजेने पडलेली पोकळी तेवढी भरून निघे. क्रँक हाताने फिरवून पाहताना तो जड लागला तर पट्टी जास्त निघाली, फारच सैल लागला तर अजून एक काढायला हवी, असा हा अंदाज बोटांतच असावा लागे. आणि सहाही दांड्यांचे काम रविवारच्या एका दुपारी उरकून सोमवारी गाडी पुन्हा बाजाराला नेता येई. एखाद्या यंत्राची झीज भरून काढण्याची सोय त्याच्या घडणीतच करून ठेवणे, आणि ती वापरण्याचे काम मालकावर सोपवणे, ही वृत्ती पुढच्या पिढीतल्या वाहनांतून हळूहळू नाहीशी झाली.

दुसऱ्या महायुद्धाने या कौशल्याला राष्ट्रीय कर्तव्याचे रूप दिले. १९४२ च्या आरंभी नागरी वापराच्या मोटारींचे उत्पादन थांबले, टायरांवर आणि पुढे पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि मालवाहू गाडी वापरायला शेतकऱ्यालाही युद्धोपयोगी गरजेचा सरकारी दाखला मिळवावा लागू लागला. असलेली गाडी युद्ध संपेपर्यंत टिकवणे याला पर्याय नव्हता, आणि त्या वर्षांत वाढलेल्या मुलांनी आपल्या वडिलांना भंगारातून सुटे भाग आणून गाडी उभी करताना पाहिले. युद्धानंतर, जून १९४७ मध्ये शेव्हरोलेची गोलसर अंगाची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका आणि जानेवारी १९४८ मध्ये फोर्डची ‘एफ-१’ बाजारात आली. आजच्या हौशी मालकांच्या दृष्टीने ‘जुनी पिकअप’ म्हटल्यावर सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतात त्या याच गाड्या. त्या लाखोंच्या संख्येने खपल्या होत्या, त्यांचा पत्रा जाड होता आणि पंधरा-वीस वर्षांनी त्या अगदी स्वस्तात मिळत. १९५३-५४ पासून शेव्हरोलेच्या २३५ घनइंची इंजिनात बदलती बेअरिंगे आणि दाबाने तेल पुरवण्याची व्यवस्था आली, तेव्हा जुन्या गाडीतले २१६ काढून तेथे २३५ बसवणे ही मालकांमध्ये जवळजवळ ठरून गेलेली सुधारणा झाली. सहा व्होल्टची वीजव्यवस्था काढून बारा व्होल्टची घालणे हीही तशीच. या बदलांना सजावट म्हणता येत नाही, पण त्यांनी मूळ गाडी ही अंतिम गोष्ट नाही असा विचार मात्र रुजवला.

सजावटीची आणि वेगाची परंपरा दक्षिण कॅलिफोर्नियातून आली. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असे व्ही-८, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे, इंजिन आणले होते. जुन्या हलक्या गाड्यांत अशी इंजिने बसवून कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर त्या पळवणाऱ्या तरुणांची संख्या युद्धानंतर झपाट्याने वाढली. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय शर्यत संघटना उभारली आणि १९६३ मध्ये वेग वाढवणारे सुटे भाग बनवणाऱ्यांचा व्यापारी संघ स्थापन झाला. या साऱ्यात पिकअपचे स्थान प्रथम दुय्यम होते. शर्यतीची मोटार ओढून न्यायची आणि दुकानाचे सामान वाहायचे काम ती करी. पण १९५५ मध्ये शेव्हरोलेने आणलेले छोटेखानी व्ही-८ इंजिन तिच्या बॉनेटखाली सहज मावे, आणि त्याच वर्षीच्या ‘कॅमिओ कॅरिअर’ या मॉडेलने, हौद्याच्या बाजू फायबरग्लासच्या आवरणाने केबिनशी सपाट जुळवून, पिकअपही देखणी असू शकते हे कारखान्याच्या बाजूने मान्य केले.

याच प्रदेशातल्या मेक्सिकन-अमेरिकन, म्हणजे चिकानो, समाजाने नेमकी उलट दिशा धरली. त्यांची गाडी हळू चालायची आणि जमिनीलगत असायची. ‘लोरायडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परंपरेत १९५५ च्या आधीच्या गोलसर मोटारी आणि पिकअप यांना विशेष मान आहे. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली असता कामा नये, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या ‘एक्स-सॉनिक’ या कॉर्व्हेट मोटारीला विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप बसवले आणि बटणाच्या इशाऱ्यावर गाडी वर-खाली करण्याची सोय केली. पोलीस समोर आले की गाडी वर आणि ते गेले की खाली, असा हा कायद्याशी लपंडाव होता. निर्बंधातून तंत्र जन्माला येण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मोटारींच्या इतिहासात क्वचितच मिळेल. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ही तरतूद, रस्त्यांवर संथ मिरवणुकीने गाड्या फिरवण्यावर बंदी घालण्याच्या शहरांच्या अधिकारासह, २०२३ मध्ये रद्द केली.

पिकअप खाली बसवणे मात्र मोटार खाली बसवण्याइतके सोपे नाही, कारण तिचा हौदा ओझ्यासाठी मागच्या ॲक्सलवर पाट्यांनी उंच धरलेला असतो. पाट्यांच्या खालचा ॲक्सल पाट्यांच्या वर बसवला की हौदा खाली येतो, पण मग रस्त्यात खड्डा लागताच ॲक्सल वर उसळून चासीवर आदळतो. त्यासाठी चासीच्या त्या जागी खालच्या बाजूने अर्धवर्तुळाकार खाच कापतात, आणि कापल्याने आलेला दुबळेपणा भरून काढायला खाचेभोवती जाड लोखंडी पट्टी वेल्डिंगने किंवा बोल्टांनी बसवतात. पट्टी बसवण्याआधीच हौद्यात ओझे टाकले तर चासी तेथेच वाकते, म्हणून हे काम गाडी ठोकळ्यांवर सपाट टेकवून, एका वेळी एकाच बाजूने केले जाते.

लोहाराने आणि मालकाने गाडी पुरी करण्याची पद्धत महाराष्ट्रालाही परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला होता, तेथून शेव्हरोले मोटारी आणि ट्रक बाहेर पडत; तो १९५४ मध्ये बंद झाला. चासी विकत घेऊन तिच्यावर लाकडी हौदा स्थानिक कारागिरांकडून बांधून घ्यायची रीत भारतातल्या मालट्रकांच्या धंद्यात आजही टिकून आहे. फरक आहे तो कायद्याचा. भारतीय मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना आडवे येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला. अमेरिकेत याच्या उलट, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असले तरी, मालकाने जुनी गाडी बदलावी हे गृहीतच धरलेले आहे.

कायद्याने या इतिहासाला आणखी एक अनपेक्षित वळण दिले. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवल्याचा सूड म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसवली. ब्रँडी, डेक्स्ट्रिन आणि बटाट्याचे पीठ यांच्याबरोबर ट्रक त्या यादीत गेला तो मुख्यतः जर्मन फोक्सवॅगनला रोखायला. चटका बसला जपानी कंपन्यांना. त्यांनी हौद्याविना केबिन आणि चासी एवढेच पाठवायला सुरुवात केली, कारण अपुऱ्या वाहनावर जकात फक्त ४ टक्के होती. हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसे. ही पळवाट १९८० मध्ये बुजवली गेली. तोवर दात्सुन, टोयोटा, माझ्दा आणि इसुझूच्या छोट्या, स्वस्त पिकअप कॅलिफोर्नियातल्या तरुणांच्या हाती पोहोचल्या होत्या. ऐंशीच्या दशकात त्या तरुणांनी या गाड्यांवर जे केले ते विलक्षण होते: हौदा हायड्रॉलिकने उचलून चारही दिशांना नाचवायचा, केबिनचे छत कापायचे, गाडी पोटावर टेकेपर्यंत खाली आणायची. १९१८ च्या शेतकऱ्याप्रमाणे या मुलांच्या हातीही मुळात हौद्यावाचून बंदरात उतरलेली गाडी आली होती, हा योगायोग जकातीच्या खात्याने घडवला.

प्रदूषणाच्या नियमांनी जुन्या गाडीचा भाव वाढवला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७५ च्या मॉडेलांपासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. फोर्डने त्याच वर्षी आणलेली एफ-१५० ही पिकअप ओझ्यासकट ६००० पौंडांच्या मर्यादेच्या जराशी वर ठेवली गेली, ती हे यंत्र टाळता यावे म्हणून. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या मॉडेलांना ठरावीक काळाने होणारी धुराची तपासणी लागू नाही. त्यामुळे १९६७ ते १९७२ या काळातली शेव्हरोले ‘सी-१०’ त्या राज्यात खटपटीला सर्वांत मोकळी गाडी ठरली: इंजिन कोणतेही घाला, तपासायला कोणी येत नाही.

सुट्या भागांचा व्यापार या सगळ्याच्या मागे उभा आहे. लिथुएनियाहून आलेल्या इझ्रायल वॉर्शावस्की यांनी १९१५ मध्ये शिकागोत भंगाराचा धंदा सुरू केला; त्यातूनच पुढे ‘जे. सी. व्हिटनी’ हा टपालाने सुटे भाग विकणारा प्रचंड सूचिपत्राचा व्यवसाय उभा राहिला. पत्र्याचे भाग नव्याने बनवून विकणारे नंतर आले, आणि त्यांना गंजाने गिऱ्हाइके पुरवली. युद्धोत्तर काळात उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रमाण वाढत गेले, आणि त्या भागातल्या पिकअपच्या केबिनचे मागचे खालचे कोपरे व दरवाजांखालचा पत्रा दहा-बारा वर्षांत खाऊन जाऊ लागला. गंजलेला भाग ग्राइंडरने कापून तेथे तयार कोपरा बसवताना अनुभवी माणूस सलग जोड कधीच मारत नाही. तो इंचभर अंतर सोडून सुटे टाके मारतो, पत्रा थंड होऊ देतो आणि मग मधल्या जागा भरतो, नाहीतर उष्णतेने केबिनचा सपाट पत्रा पापडासारखा फुगतो.

या व्यापाराने जुन्या गाडीची एक अशी प्रतिमाही घडवली आहे जी कधी अस्तित्वात नव्हती. शेव्हरोलेच्या हौद्याची जमीन मूळची साध्या पाइनच्या रंगवलेल्या फळ्यांची असे. आज बहुतेक सजवलेल्या गाड्यांत तेथे चकाकणारा ओक दिसतो, ज्यावर एक पोते टाकायलाही मालकाचा जीव धजावत नाही. याला प्रतिक्रिया म्हणून अलीकडे उन्हाने विटलेला मूळ रंग आणि गंजाचे डाग जसेच्या तसे ठेवून त्यावर पारदर्शक लेप देण्याची चाल आली. कोरड्या ॲरिझोना-न्यू मेक्सिकोतल्या अशा गाड्यांना चांगला भाव येतो. ही हौस तेथेच थांबती तर बरे झाले असते. हल्ली तर नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर घासून-पुसून, रसायने लावून म्हातारपणाचे सोंग आणले जाते, आणि खऱ्या कष्टांची खूण म्हणून ते विकलेही जाते.

इंजिनाच्या बाबतीत शेतकऱ्याचा जुना हिशेब अजूनही चालतो: जवळच्या भंगारात जे सर्वांत स्वस्त आणि दणकट मिळेल ते बसवायचे. आज तो मान जनरल मोटर्सच्या ‘एलएस’ कुळातल्या व्ही-८ इंजिनांना आहे, जी १९९९ पासून बरीच वर्षे शेव्हरोले सिल्व्हरॅडो पिकअपमध्ये बसत आणि अपघातात मोडलेल्या गाड्यांतून ठिकठिकाणी मिळतात. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या सी-१० च्या चासीत ती बसवायला वेगळ्या बैठका, नवे एक्झॉस्ट आणि उच्च दाबाचा इंधन पंप लागतो, पण हे काम पूर्वीसारखेच पान्ह्याचे आणि वेल्डिंगचे आहे. अडचण त्यानंतर येते. इंजिनाचा संगणक मूळ गाडीची चोरीप्रतिबंधक खूण शोधत राहतो, ती सापडली नाही तर इंधन बंद करतो, आणि इंजिन जेमतेम सुरू होऊन विझते. म्हणून मालकाला, किंवा त्याने पैसे देऊन बोलावलेल्या माणसाला, आधी लॅपटॉप जोडून ती अट पुसावी लागते, नव्या गाडीच्या वजनाप्रमाणे आणि गिअरप्रमाणे इंधनाचे कोष्टक पुन्हा लिहावे लागते, आणि अनावश्यक तारा छाटलेला नवा वायरिंगचा संच घालावा लागतो. असे संच तयार करून विकणारे कारखाने आता जुन्या पिकअपच्या व्यापारातला एक महत्त्वाचा भाग झाले आहेत.